नागोयाची गाडी

तात्याराव ओव्हाळांनी पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत हात घातला, कडेचा काळपट थर नखाने खरवडला आणि ते बोट विक्रम केतकरच्या नाकासमोर धरलं.

"हा बघा गंज."

विक्रमने वाकून नीट पाहिलं. "काका, ती बिबवेवाडीची माती आहे."

तात्यारावांनी बोट रुमालाला पुसलं. माती आहे हे त्यांनाही दिसलं होतं. पण गंज निघाला असता तर बरं झालं असतं. सकाळी दहापासून ते या गाडीभोवती फिरत होते, दोनदा खाली सतरंजी टाकून तिच्या पोटाखाली शिरले होते, आणि अजून एक धड दोष हाती लागला नव्हता. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत छत्तीस वर्षं काढून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभण्यासारखं नव्हतं. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत कुणाला गाडी घ्यायची झाली, तर आधी ती तात्यारावांना दाखवायची आणि मग घ्यायची नाही, असा रिवाजच पडला होता.

गाडी जपानी होती. विक्रम नागोयात अकरा वर्षं नोकरीला होता, आणि परत येताना स्वतःची वापरातली गाडी जहाजातून घेऊन आला होता. दोन वर्षं विकायची नाही, या अटीवर ती कस्टममधून सुटली होती. ती मुदत आता संपली होती. पांढरी, उंच, चौकोनी. बेकरीच्या टेम्पोला सूट शिवावा तसं तिचं रूप तात्यारावांना वाटलं. सात जणांची जागा, आपोआप सरकणारी दारं, खिडक्यांना पडदे. मागचं बाक आडवं केलं की दोन माणसांचा बिछाना होत असे. या बिछान्यावर ही गाडी घ्यायला निघालेला त्यांचा जावई चेतन चपला काढून आडवा होऊन आला होता.

"बाबा, कोकणात गेलं की हॉटेलच नको. समुद्रासमोर गाडी लावायची आणि आतच झोपायचं."

"तीन खोल्यांचं घर आहे ना तुम्हाला, चेतनराव?" तात्याराव म्हणाले. "माझे वडील मालधक्क्यावर ट्रकखाली झोपायचे. आपली पोरं-नातवंडं गाडीतच झोपायला मिळावं म्हणून धडपडतील, हे त्यांच्या काही लक्षात आलं नाही."

 चेतन उलट बोलत नसे, आणि तात्यारावांच्या मते एवढाच त्याचा गुण होता. बाकी सगळा आनंदच. पंक्चर काढायलासुद्धा मोबाइलवरून माणूस बोलावणारा हा प्राणी. पंधरा दिवस व्हिडिओ बघून आता गाडीतला जाणकार झाला होता. आपल्या लेकीने, सोनालीने, असा नवरा का निवडला, हे कोडं तात्यारावांनी नऊ वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं.

विक्रमने गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज झालाच नाही. त्याऐवजी एक बाई नाजूक आवाजात जपानीत काहीतरी बोलली.

"या कोण?"

"टोलचं कार्ड घातलेलं नाही, म्हणून सांगते. दर वेळी."

"इथे येऊन दोन वर्षं झाली, तरी तिकडचा टोल मागतात?" तात्याराव म्हणाले. "चिकाटी आहे बाईंची. महापालिकेत घ्यायला हव्यात."

विक्रम हसला आणि डाव्या बाजूचं दार उघडून त्याने एक बटण दाबलं. मधल्या रांगेतली दाराजवळची सीट जागच्या जागी वळली, तोंड बाहेर करून दारातून पुढे आली आणि हलका घरघर आवाज करत खाली उतरली, ती थेट साध्या खुर्चीइतक्या उंचीवर येऊन थांबली.

"ही आईसाठी घेतली होती," विक्रम म्हणाला. "तिचे पाय गेले होते. सहा वर्षं आमच्याकडेच होती तिकडे. इथे आणली आणि सात महिन्यांत गेली." त्याने हाताच्या पालथ्या बाजूने सीटवरची नसलेली धूळ झटकली. "आधी तीन जण गाडी बघून गेले. तिघांनी हेच विचारलं, ही काढून देता येईल का म्हणून."

"बरोबरच विचारलं त्यांनी. काढा तो पाळणा. उगाच वजन. उद्या मोटर बसली तर सुटा भाग काय नागोयाहून मागवायचा?" तात्यारावांनी नकळत डाव्या हाताने उजवं मनगट चोळलं. "धडधाकट माणसांना असले चोचले कशाला लागतात?"

चेतनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो विक्रमला म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता तसं, घरी दाखवून आणू का? संध्याकाळपर्यंत परत आणतो."

"खुशाल न्या."

गोळीबार मैदान, कॅम्प, बंडगार्डनचा पूल. येरवड्यापर्यंत तात्याराव कान लावून बसले. एखादी खडखड, एखादी कुरकुर, ब्रेक दाबताना बारीकशी किंचाळी. काही नाही. खड्डे बाहेर होते, ते आत येत नव्हते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला मान बाहेर काढून गाडी न्याहाळू लागला, तेव्हा तात्यारावांनी काच वर केली.

"आवाज न करणारी गाडी आणि न बोलणारा माणूस," ते समोर बघत म्हणाले, "दोघांच्याही पोटात काय शिजतंय, ते कळत नाही."

"काही नाही शिजत, बाबा," चेतन म्हणाला.

सोसायटीच्या फाटकाशी गाडी वळली आणि तात्यारावांना समोर बायको, हिरा, दिसली. व्हीलचेअरवर, बदामाच्या झाडाच्या सावलीत. सकाळी ते निघाले तेव्हा ती गाऊनमध्ये होती. आता अंगावर जांभळी इरकल होती, केस विंचरून अंबाडा घातलेला होता. मांडीवर कापडी पिशवी. मागे सोनाली उभी होती.

तात्याराव गाडी थांबायच्या आत दाराशी झोंबू लागले. दार आपोआप आणि आपल्या चालीनेच उघडलं.

"हिला खाली कशाला आणलं?"

"आईच म्हणाली," सोनाली म्हणाली.

"आई म्हणाली! तिला बाहेर नको वाटतं, हे माहीत नाही का तुला?"

हे वाक्य तात्यारावांनी गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते आपोआप तोंडात येई. शेजाऱ्यांना, विहारातल्या मंडळींना, तिच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिकांना. तिची धाकटी बहीण मैना देहूरोडला असते, तिचा फोन आला की तात्यारावच उचलत आणि म्हणत, झोपलीय. मैनाचे स्वतःचे गुडघे धरलेले. तिलाही येणं होत नसे.

दोन वर्षांपूर्वी त्या मैनाच्याच मुलाच्या लग्नाला ते हिराला रिक्षाने घेऊन गेले होते. पक्षाघात होऊन तेव्हा चार महिने झाले होते. मंगल कार्यालयाच्या दारात त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं, आणि यंत्रांची ओझी पेललेली त्यांची मनगटं ऐन वेळी ढिली पडली. हिरा रस्त्यावर बसली. साडी गुडघ्यापर्यंत वर गेली. बँडवाले वाजवायचे थांबले. शेवटी कुणा मांडववाल्याने येऊन तिला पोत्यासारखं उचलून खुर्चीत ठेवलं आणि तात्यारावांना म्हणाला, आजोबा, बाजूला व्हा. दुसऱ्या दिवसापासून हिराला बाहेर नको वाटू लागलं. म्हणजे, तात्याराव तसं सांगू लागले.

"मी... बसून बघते," हिरा म्हणाली.

"बसून काय बघायचंय त्यात? घ्यायची नाहीये गाडी. सुटे भाग मिळत नाहीत, जपानी लिपीतले कागद, आणि सारखी बोलते ती."

सोनालीने बटण दाबलं. सीट बाहेर आली, खाली उतरली. हिराने चांगला हात दांडीवर ठेवला, सोनालीने कमरेला आधार दिला आणि एका वळणात ती व्हीलचेअरवरून सीटवर गेली. तात्याराव दोन्ही हात पुढे करून धावले होते. सीट वर जाऊ लागली. हिरा इंचाइंचाने वर गेली, वळली आणि आत जाऊन बसली, पदरही न सरकता. तात्यारावांचे हात तसेच पुढे राहिले. त्यांत धरायला काही नव्हतं.

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मान वर करून तिच्याकडे बघावं लागत होतं.

"आई, कुठे जायचं?" चेतनने विचारलं.

"मैनाकडे."

"देहूरोडला?" तात्यारावांचा आवाज चढला. "डोकं ठिकाणावर आहे का? तासाभराचा रस्ता. चक्कर येईल तिला. चेतनराव, हौस झाली ना? उतरवा आता."

"पुरे..." हिरा म्हणाली.

"बघा, पुरे म्हणतेय ती."

आजारापासून हिराचे शब्द एकेक करून येत. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा पडे आणि त्या जागेत तात्याराव आपलं वाक्य घालून टाकत. चहा हवाय म्हणते, झोप आलीय म्हणते, जायचं नाही म्हणते. हिरानेही मग उरलेले शब्द गिळायची सवय करून घेतली होती. आज तिने गिळले नाहीत. तिने ओठ आवळले, चांगल्या हाताने पिशवी घट्ट धरली आणि शब्द येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं तिने पालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला होता; मागच्या बाकावरच्या उनाड पोराकडे ती अशीच बघत असणार.

"पुरे झालं... तुमचं."

 सोनालीने व्हीलचेअरची घडी घालायला घेतली.

"गाडी... पसंत नाही ना तुम्हाला?" हिरा म्हणाली. "मग राहा... घरी."

सोनालीने खुर्ची मागे ठेवली, झाकण लावलं आणि ती तात्यारावांजवळ आली. "बाबा, येता का?" तिने हळूच विचारलं. तात्यारावांनी आधी हिराकडे पाहिलं. हिरा पुढच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"मला कामं आहेत," ते म्हणाले.

कोणती, ते कुणी विचारलं नाही. दार सरकलं, लागलं आणि गाडी आवाज न करता आळंदी रस्त्याला लागली. तात्याराव फाटकात उभे राहिले. नंबराची पाटी दिसेनाशी झाल्यावरही ते तिथेच होते.

"साहेब, काय झ्याक गाडी हाय!" वॉचमन मच्छिंद्र खुर्चीवरून उठून आला. "बाई कुठं गेल्या म्हनायच्या?"

"बहिणीकडे."

"पर त्यास्नी भाईर नगं वाटतं, असं तुमीच सांगत हुता न्हवं?"

तात्यारावांनी मच्छिंद्रकडे पाहिलं. अशा माणसाला गप्प करायला त्यांना कधी दोन शब्दही लागत नसत.  आज ते लिफ्टकडे चालू लागले.

घरात ताट झाकून ठेवलं होतं. एकाचंच. म्हणजे सकाळी ते निघायच्या आधीच हे सगळं ठरलं होतं. त्यांनी ताटावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. हिराच्या पलंगावर गाऊनची नीट घडी होती. टीव्ही लावला, बंद केला. तीन वाजता एकदा त्यांनी सोनालीला फोन लावला. तिने उचलला, मागे दोन बायका बोलत होत्या, आणि त्यांतली एक थांबत थांबत बोलत होती. दुसरी थांबत होती, आणि ऐकत होती. मग दोघी मोठ्याने हसल्या.

"बाबा? बोला ना, बाबा."

"काही नाही. पोचलात का, एवढंच विचारायचं होतं."

"दीडलाच पोचलो."

"बरं."

चार वाजता विक्रम केतकरचा फोन आला.

"काका, गाडी बघितली का घरच्यांनी? चेतन फोन उचलत नाहीयेत, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. काही दोष निघाला का?"

तात्याराव गॅलरीत आले. "नाही," ते म्हणाले. "दोष नाही."

 सकाळचा माणूस हाच का, अशी विक्रमला शंका आली असावी. "मग ती सीट? तुम्ही म्हणत असाल तर काढून देतो. ओळखीचा गॅरेजवाला आहे."

"नको. राहू दे." थोडं थांबून तात्यारावांनी विचारलं, "तुमच्या आई कुठे जायच्या हो त्या गाडीतून?"

"आई?" विक्रमचा आवाज सैल झाला. "एक मराठी मैत्रीण होती तिची तिकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी तिच्याकडे. मी सोडायचो. पण आत ये, असं कधी म्हणाली नाही. तू आलास की आम्हाला बोलता येत नाही, म्हणायची. दोन-दोन, तीन-तीन तास चालायचं त्यांचं."

"आणि तुम्ही?"

"मी काय, बाहेर गाडीत बसून राहायचो."

तात्याराव कठड्याला टेकले. खाली फाटकाशी मच्छिंद्र कुणाला तरी हातवारे करून गाडीची उंची दाखवत होता.

"तुम्हाला गाडीत तरी बसू द्यायच्या म्हणजे," ते म्हणाले.

"काय म्हणालात, काका? आवाज तुटतोय."

"काही नाही," तात्याराव म्हणाले. "गाडी चांगली आहे."