समस्त ग्रामस्थांचा टोप

मी एक जुना पितळी टोप आहे. सध्या पोलीस ठाण्यात, मुद्देमालाच्या खोलीत असतो. कडीला चिठ्ठी, चिठ्ठीवर लाखेचं सील. पण मित्रांनो, मला लगेच चोर समजू नका. आधी माझ्या काठावर काय कोरलंय ते वाचा: 'समस्त ग्रामस्थ'.

मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. एका वर्षी भात चांगला पिकला, तेव्हा साऱ्या गावाने मिळून मला कल्याणच्या तांबटाकडून घडवून आणलं. दोनशे पानांचा भात मी एका दमात शिजवायचो. भरलो की चार माणसांशिवाय हलायचो नाही, इतका माझा रुबाब!

मला न्यायची एक रीत होती. नेणाऱ्याने नाव घातलेलं घरचं भांडं आणून समाजमंदिरात माझ्या जागी ठेवायचं. मला घासून परत आणलं की आपलं भांडं उचलायचं. ना वही, ना सही. गावातल्या भिमीच्या लग्नात मला चुलीवरून उतरवताना एकाचा हात सुटला आणि माझ्या कुशीला पोचा पडला. सगळे त्याच्यावर ओरडले. नवरी मात्र म्हणाली, "भात तं सांडला नाय ना? मंग वाढा!" तेव्हापासून ती मला फार आवडते.

पुढे लग्नांत केटरर आले, त्यांची हलकी भांडी आली. माझी कल्हई उडाली, पोटात कोळ्याने घर केलं. अशात एक दिवस जगदीश आला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य. "बारसं हाय घरात," म्हणाला, माझ्या जागी तांब्याची कळशी ठेवली आणि मला घेऊन गेला. महिने उलटले. ना बारशाचं जेवण झालं, ना मी परतलो. मोठ्या माणसाला विचारणार कोण?

मी होतो रानातल्या ओहोळाकाठी, हातभट्टीवर. ज्या पोटात लग्नाचा भात रटरटला, त्यात गूळ आणि नवसागर उकळू लागला. मला माझीच किळस यायची. त्याच दारूने भिमीच्या नवऱ्याचे, लखमाचे, डोळे गेले. भिमीने दोनदा तक्रार केली, दोनदा धाड पडली. पण दोन्ही वेळा जगदीशला आधीच सुगावा लागला. मला झुडपात दडवून त्याची माणसं पसार झाली आणि कागदावर 'अज्ञात इसम' एवढंच आलं.

मग दामिनी सरपंच झाली. तिने ग्रामसभेत बायकांकडून दारूबंदीचा ठराव करून घेतला आणि तिसऱ्या धाडीला स्वतःच पोलिसांबरोबर आली. मागे भिमी आणि तीस बायका. "ह्या टायमाला नाव मिळाल्याबिगर आमी घरी जानार नाय," दामिनी म्हणाली.

माणसं पुन्हा पळाली, पण या वेळी मी सापडलो. मला फोडायला हवालदाराने पहार उचलली. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात भिमी आडवी आली. "थांबा साहेब!" ओल्या वाळूने तिने माझी काजळी खरवडली आणि खालून अक्षरं वर आली.

मला समाजमंदिरात आणलं. म्हातारे कुजबुजले, "आपला नाय म्हना. गावाची बदनामी होल."

जगदीशही पुढे होताच. "असले टोप गावोगाव असतात, साहेब."

भिमीने माझ्या पोच्यावर बोट ठेवलं. "यो माज्या लगनातला पोचा हाय. टोप आपला हाय. बदनामी होवाची ती होऊ दे."

दामिनीने कोपऱ्याकडे हात केला. तिथे माझ्या जागी ती कळशी तशीच होती. "टोप परत आला, जगदीशदादा. आता रीतीपरमानं तुमची कळशी उचला."

कळशीवर ठळक कोरलं होतं, 'जगदीश धाऊ'. उचलली तरी पकडला जाणार, नाही उचलली तरी नाव तिथेच. जगदीश जागचा हलला नाही. हवालदाराने 'अज्ञात इसम' खोडलं आणि विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

खटला संपेपर्यंत मला इथेच राहायचं आहे. त्यामुळे भिमीची लेक प्रेमा, तिच्या लग्नात मी नव्हतो. "भाड्याचा टोप आनीन, पन साक्ष देईन," असं भिमी म्हणाली होती, आणि तिने ती दिली. लखमाही तिच्याबरोबर मुरबाडच्या कोर्टात आला होता; मलाही पुरावा म्हणून तिथे नेलं होतं. त्याने चाचपडत माझ्या काठावरून हात फिरवला. पोचा लागताच हात थांबला. "आपलाच हाय गो, भिमे," तो म्हणाला, आणि मला रडू आलं.

गावकऱ्यांनो, मी गावात परत येणार, हे नक्की. आलो की मला चिंचेने घासा, कल्हई लावा. पण त्याआधी एक करा. मला न्यायला कुणीही येवो, सदस्य असो की सरपंच, वाटेत उभं राहून विचारा, "टोप कशाला नेतो रे?" तेवढं एक कुणी तेव्हा विचारलं असतं, तर लखमाने मला डोळ्यांनी ओळखलं असतं.