पहिला पेला यजमानाचा

"पोरी, आईच्या हाती तळघराची किल्ली राहू देऊ नकोस," बाबा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घातलेल्या जेवणात शेजारच्या व्हेराकाकू म्हणाल्या होत्या. मी हसले. माझी आई! जन्मभर शाळेत मुलांना शिकवत आलेली, ईस्टरलाही वाइनने नुसते ओठ ओले करणारी!

आमच्या मोल्दोवात घर म्हटलं की खाली तळघर आलं आणि तळघरात घरच्या द्राक्षांची पिंपं. दारी आलेल्याला खाली न्यायचं, एकाच पेल्यातून पाजायचं. पण आधी यजमानाने तो रिकामा करायचा. हा मान बाबांचा होता. बाबा गेले आणि तो आईकडे आला. कोणी लाकडं फोडून दिली, कोणी वेली छाटल्या, कोणी नुसतं "कशी आहेस?" विचारायला आलं. प्रत्येकाबरोबर आई खाली उतरली. पुढे पुढे पाहुणा नसतानाही उतरू लागली.

मी शहरात नोकरीला जायची. माझी तीन वर्षांची लेक इलिंका आईजवळ असायची. एक दिवस लवकर परतले. आई तळघराच्या पायरीवर बसली होती. एप्रनवर वाळलेली ओकारी, तिच्यावर चिलटं. जिने मला नखं स्वच्छ ठेवायला शिकवलं, तिच्याकडे मला बघवेना. शेजारी वेली छाटायला आलेले त्रिफानकाका, वाइनने मिशा लालभडक. आणि समोर माझी लेक, बाहुलीचा कप उंचावून म्हणत होती, "आधी मी, मग तू!"

मी कप हुंगला.

"थेंबभरच घातली गं," काका हसले. "रक्त वाढतं! आणि बघ, घराण्याचं वळण. पोरीला शिकवावं लागलं नाही!"

"काका, उठा."

"उठतो कसला! वेली छाटून कंबर मोडलीय. अगाफिया, भर गं!"

आईने पेला उचलला. मी तो काढून घेतला.

"पाहुण्यापुढे माझी लाज काढतेस?" आई बरळली.

"काका, वर चला, चहा देते. या घरात पेला बंद."

"चहा? मी काय आजारी आहे? तुझा बाप असता तर..."

"बाबा असते, तर झिंगलेल्या बाईला 'अजून भर' म्हणणाऱ्याला त्यांनी कुंपणाबाहेर काढलं असतं."

काका पायरीवर थुंकून निघून गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं: शिकलेल्या पोरीने मेलेल्या बापाचा मान बुडवला.

तळघराला नवं कुलूप आहे. आईला डॉक्टरांकडे नेते. काही दिवस बरे जातात. एखाद्या दिवशी ती किल्लीसाठी माझी पर्स उचकते, शिव्या देते. इलिंकाला तिच्याजवळ एकटं सोडत नाही. बाकी वेळ आई खिडकीत बसते. "कोणी येत नाही गं," म्हणते.

खरंच येत नाही. पेला बंद झाला तसं "कशी आहेस?"ही बंद झालं. त्या ओकारीपेक्षा मला याची जास्त शिसारी येते.

तुमच्याही गल्लीत अशी कोणी असेल, नवरा गेलेली, दार उघडं ठेवून बसलेली. आज तिच्याकडे जाऊन या. तिने पेला पुढे केला तर घेऊ नका. पण उठूही नका. बसा तिच्याजवळ.