रंगनाथरावांची धूम्रहर चूल

जाहिरातीवरच्या बाईच्या उजव्या हाताला सहा बोटं होती. गोदूताईंनी ती दोनदा मोजली. अंगठा सोडून पाच, अंगठा धरून सहा. बाई चुलीसमोर बसली होती, पण तिचं लक्ष चुलीत नव्हतं. ती वाचणाऱ्याकडे पाहून हसत होती. चुलीवर भांडंही नव्हतं.

"दादा, बोटं सहा आहेत."

"कुणाची?"

"या बाईची."

रंगनाथरावांनी कागद लांब धरला, मान तिरकी केली. "मोजतंय कोण? चूल बघ, कशी उठून दिसते!" असे दोन हजार कागद मुंबईहून छापून आले होते. वर ठळक अक्षरांत 'धूम्रहर चूल', खाली 'शास्त्रीय कसोटीस उतरलेली', आणि त्याखाली गोदूताईंचं नाव, पदवीसकट.

रंगनाथराव हे गोदूताईंचे थोरले भाऊ. नवा माल बाजारात आणणं हा त्यांचा ध्यास होता. आधी त्यांनी दंतमंजन काढलं. लोक त्याने पितळी भांडी घासू लागले. मग न गळणारी दौत काढली, ती गळली. दोन्ही वेळा त्यांनी निदान एकच केलं, की नाशिकच्या लोकांना नवी वस्तू वापरता येत नाही.

चूल मात्र त्यांची नव्हती. ती गोदूताईंची होती. मुलींच्या शाळेत त्या शास्त्र शिकवायच्या, आणि उरलेल्या वेळात सहा महिने त्यांनी लाकूड तोललं, राख तोलली, पाण्याला उकळी कधी येते ते घड्याळ लावून टिपलं. पत्र्याची चूल, मागे धुरांडं, पुढे घट्ट बसणारं दार. घोटीला, भाताच्या मुलखात, आठ घरांत ती लावली. आठही घरी भात छान शिजला, लाकूड तिसऱ्या हिश्श्याने वाचलं आणि बायकांचे डोळे कोरडे राहिले. गोदूताईंनी वहीत लिहिलं, 'चाचणी पूर्ण.' आता ते दोन शब्द आठवले की त्यांना स्वतःचीच चीड येई.

कारण पुढची चाचणी रंगनाथरावांनी नांदगावच्या आठवडे बाजारात, शंभर माणसांसमोर करून टाकली होती. तिथे भात कोण खातो? लंकाबाई नावाची एक शेतकरीण पुढे आली, तिने परातीत बाजरीचं पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग तवा उतरवून भाकरी हातात धरून ती चुलीभोवती एक फेरी मारून आली.

"भाकर कुठं उभी करू?"

"म्हणजे?" रंगनाथराव म्हणाले.

"इस्तवापुढं उभी कराया नगं? फुगंल कशी? ह्या चुलीला तर दारच लावलंय."

"दार उघडायचं नाही, बाई. धूर होतो. तव्यावरच भाजा."

"तव्यावरच भाजली तर पापड होतो, सायेब. पापड काय वर्सातून एकदा करत्यात. भाकर रोज लागती."

"सवय होईल."

"तुमाला झाली काय?" लंकाबाईने ती चिवट, चपटी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. "खा मंग. माजा धनी नाय खायाचा."

सारा बाजार खदखदून हसला. रंगनाथरावांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, चघळत राहिले आणि गाडीत बसल्यावर तो रुमालात टाकला. "अडाणी बायका," ते म्हणाले. गोदूताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. घरी स्वयंपाकाला भागीबाई होती. ती निखाऱ्यांपुढे भाकरी उभी करायची, ते त्यांनी हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही वहीत टिपलं नव्हतं. पदवीची अक्कल ती एवढी.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चुलीचं दार काढून तिथे वर सरकणारी झडप लावली. भात असेल तेव्हा बंद, भाकरीच्या वेळी उघडी. लाकूड तिसऱ्याऐवजी पाचव्या हिश्श्याने वाचलं, धूर थोडा आला, भाकरी टम्म फुगली. भागीबाईने दुसऱ्या दिवशीही हीच चूल मागितली.

रंगनाथरावांना हे सांगितलं, तेव्हा ते हसले. "म्हणजे धूर येणारी धूम्रहर चूल? कागद छापून झालेत, गोदू. आणि तुला शिकवलं कुणी? सगळं घर विरोधात होतं, तेव्हा तुझी बाजू कुणी घेतली?" ते खरं होतं. ते नेहमीच खरं असे, आणि म्हणूनच ते नेहमी काढत. भद्रकालीजवळ रहेमानभाईंच्या कारखान्यात दोनशे चुलींचा पत्रा येऊन पडला होता. त्या चुली जायच्या होत्या नांदगावकडेच. चुली आहेत तशा गेल्या तर दोनशे घरांत गंजत पडणार होत्या, आणि प्रत्येकीवर गोदूताईंच्या नावाची पट्टी असणार होती.

"ताई, आज कापायला घेतो," गोदूताई कारखान्यात येताच रहेमानभाई म्हणाले. हातात कात्री, कानावर खडूचा तुकडा. "दार ठेवू का झडप? तीनदा विचारलं. तीनदा म्हणालात, बघू."

"दादा येताहेत."

"साहेब येतील, बसतील, चहा पितील. नकाशा तुमचा आहे. मी नकाशा काढणाऱ्याचं ऐकतो."

आतून त्यांची बायको सितारा चहा घेऊन आली. "साहेबांनी चुलीपुढं कधी बूड टेकलंय का, ते आधी विचारा," ती म्हणाली आणि कप जरा आपटूनच ठेवला. तेवढ्यात रंगनाथराव आले. बगलेत जाहिरातींचा गठ्ठा होता.

"काय रहेमान, सुरुवात?"

"ताईंच्या शब्दासाठी थांबलोय."

"तिचा शब्द? हा बघ तिचा शब्द." त्यांनी एक कागद पत्र्यावर पसरला आणि नावावर बोट ठेवलं. "छापलेला! दाराची चूल. शास्त्राने सिद्ध."

"घोटीत सिद्ध," गोदूताई म्हणाल्या.

"नाशिक जिल्ह्यातच आहे ना घोटी? आणि नांदगाव? मग झालं तर. बायका शिकतील. मंजन नाही का शिकल्या?"

"भांडी घासायला," सितारा म्हणाली.

रहेमानभाईंनी खोकला काढला. रंगनाथरावांचे कान लाल झाले. "गोदू, या लोकांसमोर तमाशा नको. मी तुझ्यासाठी काय काय केलंय, ते..."

ते पुढचं सगळं म्हणत राहिले. गोदूताईंना ते पाठ होतं. कुठल्या वाक्याला आवाज चढतो, कुठे भरून येतो, तेही. आपण एखाद्या सदोष उपकरणाचं मापन बावीस वर्षं खरं मानत आलो, असं त्यांना वाटलं. भावाने शिकवलं, हे खरं. त्या शिक्षणाने मोजलं काय, हेही खरं. दुसरं खोटं पाडून पहिल्याचे उपकार फिटणार नव्हते.

त्यांनी पत्र्यावरचा कागद उचलून भावाच्या हातात दिला आणि रहेमानभाईंकडे वळल्या.

"झडपच करा, रहेमानभाई. दोनशेच्या दोनशे."