पुसलेल्या नळ्या

"ह्या नळ्या पुसल्या कुणी?" नानासोंनी विचारलं.

सांगलीजवळ कुपवाडला त्यांचं धार लावायचं लहानसं दुकान आहे. आमच्या साताऱ्याच्या कारखान्यातले झिजलेले एंड मिल, म्हणजे स्टील कोरणारी कार्बाइडची बोटभर टूलं, आपापल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांतून त्यांच्याकडे येतात. या वेळी मी स्वतःच घेऊन आले होते. धार कशी लावतात ते मला बघायचं होतं.

"मीच पुसल्या," मी म्हणाले. "कारखान्यातल्या ड्रॉवरमधल्या सगळ्याच. तेल होतं, टोपणांवर लाल डाग होते. थिनरने स्वच्छ निघाले."

"डाग? आवं मॅडम, ते माझ्या पोरीचं नेलपॉलिश हाय! टूल ज्या नळीतनं येतं त्याच नळीत मी परत घालतो आन् वर ठिपका मारतो. न्हाईतर नवं कुठलं आन् धार लावल्यालं कुठलं, वळखायचं कसं?"

काल संध्याकाळी त्यातलीच एक नळी मी तीन नंबर मशीन चालवणाऱ्या इमामचाचांच्या हातात दिली होती. "नवं टूल आहे, चाचा. उद्या सकाळपासून हेच लावा. चाळीस जॉब पूर्ण करायचे."

चाळीस हा आकडा माझाच. दोन महिने मी प्रत्येक टूलची झीज सूक्ष्मदर्शकाखाली मोजली होती. चाचा आवाज ऐकून तिसाव्या-बत्तिसाव्या जॉबला, म्हणजे तितके सुटे भाग कापून झाले की, टूल बदलायचे. मी आलेख काढून दाखवला आणि मशीनवर कार्ड लावलं: चाळीस जॉबआधी टूल बदलू नये. पण ते सगळं मोजमाप नव्या टूलचं होतं.

"धार लावलेलं स्टेनलेसवर किती चालतं?" मी विचारलं.

"तुमच्या त्या तीनशे सोळा नंबरच्या स्टीलवर? वरचा लेप गेलेला असतोय. बारा, लय तर पंधरा जॉब. म्होरं ते कापत न्हाई, नुसतं घासतं. तापतं, आन् काचंगत फुटतं."

घड्याळात साडेदहा. पाळी सातला सुरू झाली. एका जॉबला दहा मिनिटं, चहाची पंधरा वजा. एकोणीस झाले. विसावा चालू असणार.

फुटेल तेव्हा चाचांचा चेहरा कुठे असेल, हे मला माहीत होतं. मशीनच्या दाराच्या काचेवर पाण्याचे शिंतोडे उडून आतलं काही दिसत नाही. म्हणून दार उघडताच मशीन थांबवणाऱ्या सेन्सरला लोहचुंबक चिकटवून ते फसवतात, दार वीतभर उघडं ठेवतात आणि त्या फटीला डोकं लावून ऐकतात. हे मी रोज बघत होते. एकदाही बोलले नव्हते.

चाचांचा फोन लॉकरमध्ये. मशीनशॉपमध्ये फोन न्यायचा नाही, असा नियम आहे. ऑफिसचा फोन वाजून वाजून बंद झाला. मॅनेजर जयराजसाहेबांचा लागेना. शेवटी गेटवरच्या मोबाइलला लावला. आकारामकाकांनी, आमच्या माजी सैनिक वॉचमननी, उचलला.

"काका, तीन नंबर मशीन बंद करायला सांगा. आत्ता! पळा!"

"मला गेट सोडायची परवानगी न्हाई. हुकूम कुणाचा हाय?"

"माझा! चाचांचा डोळा जाईल, काका!"

पुढचा प्रश्न आला नाही. फोन चालूच होता. खडीवर बुटांचा आवाज, मग फरशीवर, मग त्यांची धाप. गेटपासून शॉप दीडशे पावलं. मी मोजत होते. दुसरं काही करता येत नव्हतं. नानासोंनी त्यांचं ग्राइंडर बंद केलं.

मशीनचा आवाज जवळ आला. त्याखाली एक बारीक, न थांबणारी किंकाळी होती. पाटीवर नख ओढल्यासारखी. माझ्या आलेखात ती कुठेच नव्हती.

"ए इमाम!" काका ओरडले.

कट् करून काहीतरी फुटलं.

मशीनचा आवाज थांबला. मी हॅलो, हॅलो करत राहिले. नानासो माझ्या तोंडाकडे बघत होते, मी जमिनीकडे.

"मॅडम," बऱ्याच वेळाने चाचांचा आवाज आला. "ह्यानं हाक मारली म्हणून मान वळवली. तुकडा कानाला चाटून गेला. रगत हाय, पण डोळा हाय."

"चाचा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"येत हुतं की. धाव्या जॉबापासनं येत हुतं. पर कार्डावर चाळीस. म्हटलं पोरगी शिकल्याली हाय, मोजून लिवलंय. माझाच कान चुकतोय. म्हणून आनखी जवळ जाऊन ऐकत हुतो."

मी नळ्यांच्या खोक्यावरच बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. नेलपॉलिश, थिनर, सगळं.

"ठिपकेवाल्या किती पुसल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. आता ओळखता येणार नाहीत. ड्रॉवरला कुलूप लावा."

"लावतो. पर मॅडम, पलीकडच्या शेडमधल्या सिद्धूनं सकाळीच ड्रॉवरमधनं दोन नळ्या नेल्यात. त्याच्याबी मशीनवर तुमी कार्ड लावलंय न्हवं?"

मी हो म्हणायच्या आत फोनमध्ये पुन्हा बुटांचा आवाज सुरू झाला.