दुसरी फेरी

कल्याणरामाने उष्ट्या पानांच्या ढिगातले एक केळीचे पान काठीने उलटले. मग दुसरे, तिसरे. कुठेच शीत नव्हते. भिंतीवर कावळे बसून होते, पण खाली एकही उतरत नव्हता.

राजवाड्यामागच्या गल्लीतले हे अन्नछत्र तोच सांभाळत होता. जपानी बाँब पडू लागले तशी ब्रह्मदेशातून चालत निघालेली माणसे इथे जेवत. वर्गणी आटली आणि कमिटीने तांदूळ निम्म्यावर आणला; तरी दुसऱ्या फेरीला सगळे पानावर हात आडवा धरून ‘पोदुम’, पुरे, म्हणत. बी. एस्सी. झालेल्या कल्याणरामाने ऐकले तेच खरे धरले आणि कमिटीला कळवले, एवढ्यात भागते. आज चिटणीस येणार होते, हेच माप कायम करायला.

तो शेषम्माकडे गेला. रंगूनला तिची खानावळ होती; आता ती इथल्याच पंगतीत जेवायची आणि त्याला ‘तंबी’, धाकटा भाऊ, म्हणायची.

"अक्का, पोट भरतं का खरंच?"

"रित्या पातेल्याचा आवाज ओळखते मी, तंबी. वाढणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला लावायचं?"

"मग आज चिटणिसांना सांगा."

"जिथं जेवायचं तिथलंच उणं काढायचं? उद्या कुठल्या तोंडानं पानावर बसू?"

दुपारी पंगत बसली, तेव्हा शेषम्माशेजारी कल्याणरामानेही पान मांडले. वाढायला आलेली हिराबाई थबकली.

"काय रे, आईनं उपाशी धाडलं काय?"

"वाढा, मावशी. सगळ्यांना वाढता तेवढंच."

पाचसहा घासांत पान पुसले गेले. दाराशी चिटणीस खुर्चीत बसले होते. दुसरी फेरी निघाली.

"वाढू?"

"पोदुम."

"वाढू?"

"पोदुम."

चिटणिसांनी मान डोलावत पेनाचे टोपण काढले. हिराबाई कल्याणरामापाशी आली आणि सवयीने विचारून पुढे सरकू लागली.

"वाढा," तो म्हणाला.

ती खाली वाकली. "गप रे! पातेल्यात काय आहे ते ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे, मावशी. भूक लागलीय. वाढा."

हिराबाईने पातेले कलते केले. पळी तळाशी खरडली आणि रिकामीच वर आली. तो आवाज पंगतीच्या टोकापर्यंत गेला. कोणी मान वर केली नाही. चिटणिसांचे पेन कागदावर तसेच थांबले.

शेषम्माने कल्याणरामाच्या लख्ख पानाकडे पाहिले. मग आपल्या पानावर आडवा धरलेला हात तिने सावकाश उचलला.