नानीबाईचा हात

पेटीचं मतदान सेवादास नायकाच्या बंजारा तांड्यानं एकदा केलं होतं. पडद्यामागं जायचं, आपल्या चित्राची पेटी बघायची, चिठ्ठी टाकायची आणि आल्या वाटेनं घरी यायचं. आत काय केलं ते देवाला ठाऊक आणि आपल्याला. पण ग्रामपंचायतीचं तसं नव्हतं. ती हात वर करून निवडायची होती. मारुतीच्या पारापुढं, भर उजेडात, सगळ्या गावादेखत. ज्यानं कोणी ही पद्धत काढली, तो कधी कोणाच्या घरी सालदार म्हणून राबलेला नसावा.

नानीबाईचा नवरा हेमसिंग राबत होता. इंद्रभान पाटलाकडे त्याची बरीच सालं झाली होती. बैल त्याच्या हाताखाली, वखर त्याच्या हाताखाली आणि पाटलाचा आवाज त्याच्या कानात रात्रंदिवस. वर्षाची ज्वारी पाटलाकडून यायची. एवढंच नाही, तांड्याचं पाणीही पाटलाचंच. टेकडीखाली त्याच्या मळ्यात विहीर होती, तिथून बाया घागरी भरून आणत. पाटील खुशीत असला तर पाणी दिवसभर, नाखूश असला तर बैलांचं झाल्यावर. ओढा होळीपर्यंत टिकायचा, पुढं फक्त दगड.

मेडशीच्या अंगाला असलेल्या त्या टेकडीवरच्या तांड्याला पंचायतीत एक जागा मिळाली. ती पाटलानं आपला पुतण्या रामराव याच्यासाठी धरून ठेवली होती. रामरावानं तांडा बघितला होता तो चारदोनदा, तोही घोड्यावरून. आणि त्याच्यासमोर उभा राहिला रतनसिंग. तो नानीबाईचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या कापसाच्या जिनात दोनतीन वर्षं काढून आलेला, सही करणारा, साहेबाशी डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. याडी, म्हणजे आई, मेल्यावर नानीबाईनं त्याला काखेत घेऊन वाढवलं होतं. तो एकच गोष्ट सांगत फिरला. आपली विहीर. तांड्याची स्वतःची विहीर.

"हात वर करजो नोको," आदल्या दिवशी हेमसिंग भाकरी मोडता मोडता म्हणाला. "म्या बी करत नाई. पाटील समोर बसून राह्यते."

"रतन माहा भाऊ हाय."

"भाऊ हाय, नाई कोन म्हनते? पन जवारी कोनाची खाऊन राह्यलो आपन?"

नानीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे तिलाही कळत होतं. पण आपलं पाणी असलं तर माशाचं भय कशाला, हेही तिच्या डोक्यात फिरत होतं. हेमसिंग वाईट माणूस नव्हता. भित्रा होता, आणि त्याच्या भिण्यावरच घर चाललं होतं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

दुसऱ्या दिवशी वाशीमहून साहेब आले, पाराला टेबल लावलं. गाव एका बाजूला, तांडा एका बाजूला. इंद्रभान पाटील टेबलाशेजारी खुर्चीवर बसला होता. साहेबांनी आधी रामरावाचं नाव घेतलं. पाटलाची कुळं, गडी, उसनं धान्य नेलेले, असे तांड्यातले काही हात वर गेले. हेमसिंगानं आपले दोन्ही हात घोंगडीत घेतले होते. त्यानं ते बाहेर काढलेच नाहीत.

मग रतनसिंगाचं नाव आलं. सेवादास नायकाचा म्हातारा हात वर गेला. मग सोमलाचा, मग पोरांचे. बायांच्या बाजूला मात्र कोणी हलेना. रतनसिंग उभा होता. त्याची नजर फिरत फिरत बहिणीवर आली, आणि तिला आठवलं की हा लहानपणी तहान लागली की असाच बघायचा.

नानीबाईनं हात वर केला.

तांड्यातल्या बाईचा हात वर जाणं म्हणजे काही गुपचूप गोष्ट नाही. मनगटापासून दंडापर्यंत हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. त्यातल्या दंडातल्या त्या बलिया, नवरा जिवंत असेतोच घालायच्या. हात उठला तशा खालच्या बांगड्या घरंगळल्या आणि खळाखळा वाजल्या. सगळ्या माना वळल्या. मग तिच्यामागं एकेक करत साऱ्या बायांचे हात वाजत वर गेले. हातच्या कंकणाला आरसा कशाला? रतनसिंग निवडून आला.

पाटील चिडला नाही. उठताना हसून म्हणाला, "नानी, लय उंच गेला तुहा हात."

गावाकडच्या जागा सगळ्या पाटलाच्याच होत्या, त्यामुळं सरपंच तोच झाला. रतनसिंग पंचांच्या सतरंजीवर शेवटच्या टोकाला बसू लागला.

पाडव्याला सालं बदलतात. हेमसिंग पाटलाच्या वाड्यावर गेला आणि थोड्या वेळात परत आला. ओट्यावर बसला. बसल्या बसल्या म्हणाला, "पाटील म्हने, तुह्या बायकोच्या हातात लय जोर हाय. तिलेच सांग कमावून आनाले."

नानीबाईला वाटलं तो आता आपल्याला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्याच आठवड्यात मळ्यातल्या विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. बाया घागरी घेऊन गेल्या, तर नवा गडी म्हणाला, पाटलाचा हुकूम नाही. ओढ्यात झिरे उकरून वाटी वाटीनं पाणी भरायचं आणि तेही गढूळ. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण झिऱ्यावर नानीबाई आली की बाया गप्प होत. हात सगळ्यांनीच वर केला होता, पण पहिला कोणाचा होता ते सगळ्यांच्या ध्यानात होतं.

रतनसिंग धावला, हे खरं. वाशीमला गेला, अर्ज दिला, परत गेला. विहिरीला सरकारी मदत होती म्हणे, पण सरपंचाच्या सहीशिवाय कागद हलत नव्हता आणि सरपंचाला सही करायला सवड मिळत नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी सेवादास नायकानं तांड्याची बैठक बसवली आणि सांगितलं, "सरकार येईन तवा येईन. कुदळी तर आपल्याच हायेत ना?"

तांडा खोदायला लागला. सगळ्यांत पुढं हेमसिंग. त्याला दुसरं काम नव्हतं, हे एक. पण नानीबाईनं त्याला असा कधी पाहिला नव्हता. पाटलाकडे मान खाली घालून राबणारा माणूस खड्ड्यात उतरला की मोकळा व्हायचा. वर येऊन अंगाची माती झटकत म्हणायचा, "आज मुरूम लागला. उद्या ओल लागते, पाहाजो." एकदा तर हसून म्हणाला, "बरं झालं तू हात वर केला. नाई तं म्या मरेस्तोर त्याचेच बैल हाकलले असते." नानीबाईच्या छातीवरचा दगड त्या दिवशी उतरला. तिनं त्याच्या भाकरीवर जास्तीची चटणी ठेवली.

मुरूम भुसभुशीत होता. कडेला दगडाचं बांधकाम घेत घेत खाली जायला हवं, हे खोदणाऱ्या सगळ्यांना दिसत होतं. पण दगड घडवायला पाथरवट लागतो, आणि त्याला द्यायला काही नव्हतं. मदत आली की बांधू, रतनसिंग म्हणाला.

वैशाखात एका दुपारी हेमसिंग खालून ओरडला, "ओल लागली!" नानीबाई माती ओढायला वरच होती. तिनं वाकून बघितलं. त्यानं ओली माती मुठीत धरून तिला दाखवली. ती हसली. तेवढ्यात तिच्या पायाखालची जमीन हलली, सोमलानं तिला मागं ओढलं, आणि समोरची अख्खी कड खाली बसली. मोठा आवाजही झाला नाही. खड्डा अर्धा भरला आणि धूळ वर आली.

संध्याकाळी त्याला बाहेर काढला. मूठ तशीच मिटलेली होती. सरण पेटायच्या आधी म्हाताऱ्या बायांनी नानीबाईच्या मनगटापासूनच्या साऱ्या बांगड्या आणि दंडातल्या बलिया उतरवल्या. बांगड्यांखालची कातडी पांढरी पडलेली होती. लग्नापासून तिथं ऊन लागलं नव्हतं.

आणि पाणी लागलं. पडलेली माती उपसली तशी खालून झरा फुटला, चांगला, गोड पाण्याचा. तांडा ते पाणी प्याला. नानीबाईही प्याली. न पिऊन काय करणार होती? पहिल्या दिवशी घोट घशाखाली उतरेना, मग उतरला. तहानेला लाज नसते.

रतनसिंग बहिणीच्या गळ्यात पडून रडला होता. ते रडणं खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. पण पावसाळा सरता सरता त्याचं धोतर पांढरं होत गेलं. पाटलाच्या ओट्यावरच्या सतरंजीचं टोक सोडून तो मध्ये बसू लागला. पाटलाच्या बैलगाडीतून वाशीमला जाऊ लागला. कोणी विचारलं तर म्हणायचा, "भांडून काय भेटलं? गोडीनं घेतलं का काम होते."

दिवाळीनंतर तो नानीबाईकडे आला. पायलीभर ज्वारी घेऊन आला आणि दारातच बसला.

"बाई, उद्या सभा हाय. साहेब येऊन राह्यले. इहिरीचा ठराव हाय."

"झाली ना इहीर. आता कायचा ठराव?"

"इहीर पंचायतीनं खोदली असा. मंग सरकारची मदत भेटते. त्याच्यातून कडा बांधून देतो म्हने पाटील. दगडाच्या, पक्क्या. पुन्हा कोनाचा जीव जाऊ नये."

कडा बांधायला हव्या होत्या. पोरं तिथं खेळत होती. पंचायतीनं खोदली म्हणे तर म्हणे, कोणाच्या नावावर पाणी गोड होत नाही. तिनं मान हलवली.

रतनसिंग उठला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "अजून एक हाय. काम सुरळीत झालं, कोनाले काई इजा झाली नाई, असं बी त्याच्यात हाय. तसं नसलं तं चौकशी लागते बाई. मंग मदत बी गेली अन् पाटलाची मर्जी बी गेली."

"अन् तुहा भाऊजी?"

तो दारातल्या ज्वारीचे दाणे चिवडू लागला.

"थो कुठं मेला मंग? थंडीतापानं मेला का?"

"त्याले कागदावर मारून कोनाले काय भेटनार हाय आता?" रतनसिंग म्हणाला. बोलता बोलता आपण काय बोललो हे त्याला कळलं आणि तो उठून गेला. ज्वारी दारातच राहिली. परक्यानं असं केलं असतं तर तिनं शिव्या दिल्या असत्या. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावायचं कोणाला?

सभा मारुतीच्या पारापुढंच भरली. तेच टेबल, तेच साहेब. या वेळी इंद्रभान पाटलाशेजारी रतनसिंगही बसला होता. त्यानंच ठराव वाचला. वाचताना त्याचा आवाज कुठंही अडखळला नाही, आणि 'कोणाही इसमास इजा न होता' हे तर त्यानं सगळ्यात सफाईनं वाचलं.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

गावाचे हात गेले. तांड्याचेही गेले. सेवादास नायकाचा हात अर्ध्यावर थांबला, त्यानं नानीबाईकडे बघितलं, मग नजर खाली घालून हात पुरता वर केला. त्याला दोष कसा द्यावा? त्याच्या अख्ख्या तांड्याला कड हवी होती. बायांचे हात वाजले.

"कोणाचा विरोध?" साहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं आणि लेखणी उचलली.

नानीबाईनं हात वर केला. मोकळ्या दंडाचा तो हात वर गेला तेव्हा काहीच वाजलं नाही. शेजारच्या बाईलाही आधी कळलं नाही. पण साहेबांची नजर फिरली आणि थांबली.

"त्या बाई? त्यांचा विरोध आहे का?"

पाटलानं रतनसिंगाकडे बघितलं. रतनसिंगानं बहिणीकडे बघितलं नाही.

"नाई साहेब. थे माही बहीन हाय. ओढनी सावरून राह्यली."

साहेबांनी मान हलवली आणि एकमतानं मंजूर असं लिहिलं. सतरंज्या झटकल्या गेल्या, माणसं उठली. नानीबाईचा हात तसाच होता. आपण ओरडायला हवं हे तिला कळत होतं, पण हात वर केल्यावरही ओरडावं लागतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जाताना रतनसिंग तिच्याजवळ थांबला. "खाली कर बाई आता. झालं सारं."

"याच हातानं तुले निवडून देल्लं रे, रतन," ती म्हणाली.

तो पाटलाच्या मागं निघून गेला.

घरी पाणी नव्हतं. दिवस मावळायला आला होता तरी ती घागर आणि दोर घेऊन विहिरीवर गेली. तिथं कोणी नव्हतं. कडेला पालथं पडून तिनं आत डोकावलं. पाणी बरंच वर आलं होतं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, आजही घेतलं नाही.

"आयकलं का," ती खाली बघत म्हणाली. "म्या नाई म्हनलं. हात वर केलता म्या. कोनी मोजला नाई."

आतून तिचाच आवाज परत आला. मग तिनं घागर सोडली, भरली आणि ओढून वर घेतली.