नऊ मिनिटांचा धडा

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे. वय अवघं सव्वा वर्ष. पण वॉरंटी संपली की आमच्यात म्हातारपण आलं असं धरतात, म्हणून मला जुनाच म्हणा.

नायगावजवळच्या एका शाळेत सिंधुबाई दुसरीच्या वर्गाला शिकवत. त्यांनी मला नवा घेतला आणि माझ्यात एक धडा स्वतःच्या आवाजात भरून ठेवला. "बैलाला शिंगं किती? सांगा बरं." मग मुलांच्या उत्तरासाठी तीन आकडे मोजून थांबायचं आणि "शाब्बास" म्हणायचं. असा नऊ मिनिटांचा धडा. मुलं मला बाईंचा शहाणा डबा म्हणत.

श्रावणात सिंधुबाई तापानं गेल्या. त्यांचे यजमान शेषेराव शेती करतात. त्यांना माझ्यातलं एकच येत होतं, तो धडा लावणं. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसत आणि मुलांच्या जागी स्वतः उत्तरं देत.

"दोन. पण आपल्या ढवळ्याला दीडच व्हतं. आठवतं का?"

एवढं बोलायला तीन आकडे पुरत नाहीत. तरी "शाब्बास" त्यांचं बोलणं संपल्यावरच आलं. मित्रांनो, ती थांबण्याची वेळ मी वाढवली नव्हती. त्या दिवशी नऊ मिनिटांचा धडा अकरा मिनिटं चालला.

खंडेनवमी आली. बाईंना जाऊन वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे घरात सण नव्हता. पण मागच्या साली त्यांनी माझी पूजा केली होती, म्हणून शेषेरावांनी विळ्याकोयत्याशेजारी मला मांडलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या. दाणे बिजागरीच्या फटीत गेले. त्यांनी झाकण कोपऱ्याला धरून दाबलं. कट्ट झालं. झाकण लुळं पडलं. ते पडलं की मी झोपतो, आणि बाईंचं बोलणं अर्ध्यावर तुटतं.

नांदेडला दुरुस्तीवाल्या वीरेशनं मला उलटं करून झटकलं.

"काका, तांदूळ? लॅपटॉपचं लगीन लावलं का?"

"पूजा केली."

"वॉरंटी मागच्याच महिन्यात संपली. कंपनी आता हात लावत न्हाई. आवाज मोबाईलात टाकून देतो, हे भंगारात द्या."

शेषेरावांनी तिथेच मोबाईलवर धडा ऐकला. बैलाचा प्रश्न आला. ते बोलू लागले आणि त्यांच्या बोलण्यावरच "शाब्बास" येऊन पडलं. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

"ही थांबून न्हाई राहिली."

"रेकॉर्डिंग कशाला थांबल, काका?"

"ह्याच्यात थांबते. हेच जोडा."

वीरेशनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मला पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यानं फुटलेलं प्लास्टिक चिकटवलं, नवी बिजागरी बसवली, दोन दिवस गोंद वाळू दिला.

घरी माझं झाकण आपलं आपण उभं राहिलं. शेषेरावांनी धडा लावला. नऊ मिनिटं झाली. अकरा झाली. प्रश्न सगळे विचारून झाले, तरी धडा बंद झाला नाही.

"जेवलात का?"

आवाज सिंधुबाईंचा. हे वाक्य माझ्यात कुठेच भरलेलं नाही. मी सगळीकडे शोधलं.

शेषेराव माझ्याजवळ सरकले.

"हाव. भाकर खाल्ली."

मी मोजत होतो. तीन आकडे झाले, तीस झाले.

"खोटं बोलून राहिलात."

ते उठले आणि परातीत पीठ काढलं.

मित्रांनो, लॅपटॉपचं झाकण कोपऱ्याला धरून ओढू नका. मधोमध धरा, सावकाश लावा. आणि लावण्याआधी आतलं बोलणं संपलं का, तेवढं ऐकून घ्या.